मोकळं पायडल

माझे बाबा कातारी. लेथवर लाकूड गरागरा फिरवायचं आणि पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे खांब, लाटणी. जुना लेथ आजोबांनी बांधलेला, पायानं चालवायचा. उजव्या पायानं पायडल दाबत राहिलं की मोठं चाक फिरायचं आणि चाकाबरोबर लाकूड. यंदा त्याच पायाच्या गुडघ्यानं संप पुकारला. डॉक्टरांनी बजावलं, हे पायडल बंद करा, नाहीतर चालणंही बंद होईल.

रिकामे बसलेले बाबा आम्ही आठवडाभर सोसले. आईनं कांदा कसा चिरावा इथपर्यंत त्यांची मतं पोचली, तेव्हा मी विजेवरचा लेथ मागवला. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवस वापरून बघा, नाही जमला तर गाडी पाठवून परत नेतो. बाबांनी नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

लेथ आला. चारही पाय फरशीत बोल्ट मारून बसवले, पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. बाबांनी बटण दाबलं आणि ते दचकून मागे सरले.

"हा विचारत नाही गं, एकदम धावतोच!"

पहिलं लाटणं उतरलं. बोट फिरवलं तर अंगभर बारीक लाटा. दुसरंही तसंच. बाबा म्हणाले, मशीन हलतंय. बोल्ट सोडले, एका पायाखाली पाचर मारली, पट्टा ताणला, पुन्हा पाणसळ. आठव्या दिवशी अकरा लाटणी झाली होती, सगळी लाटांची, आणि बाबा आता फरशी फोडायची म्हणत होते.

माझा स्वभाव त्यांच्यावरच गेलाय. माझं डोकं फिरलं.

"बाबा, नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय तुमचं!"

त्यांनी पाना खाली ठेवला. हात पुसले.

"खरंय," ते म्हणाले. "येत नाहीये मला. बोलाव गाडी."

आयुष्यात कुणापुढे हार न मानलेला माणूस हे इतकं साधेपणानं बोलला की मला माझीच लाज वाटली. मला भांडण हवं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी आईच्या कांद्यालाही नावं ठेवली नाहीत.

सकाळी आईच म्हणाली, गाडी यायची तेव्हा येईल, तोवर एक करून बघा. ते कामाला लागले आणि ती चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

"अहो, पाय बघा तुमचा."

"काय झालं पायाला?"

"नाचतोय."

आम्ही खाली पाहिलं. उजवा पाय फरशी दाबत होता, एका लयीत, पायडल असल्यासारखा. फरशी काही खाली जात नव्हती. म्हणून प्रत्येक दाबासरशी बाबाच केसभर वर उचलले जात, खांदा हले, पटाशी हले. गुडघा अजून का ठणकतो, तेही तेव्हाच कळलं.

मी खाली बसून त्यांचा घोटा धरून ठेवला. आई हसत होती. पण पाय थांबला आणि पटाशी लाकडात रुतली.

"सोड बाई," बाबा म्हणाले. "पाय थांबला की हाताला कळतच नाही पुढे काय करायचं."

मी घोटा सोडला. मग बाबा जुन्या लेथकडे गेले. आजोबांच्या पायडलचे स्क्रू काढले, खाली मोडक्या सोफ्याची एक मऊ स्प्रिंग बसवली आणि ते नव्या लेथच्या पायथ्याशी ठेवलं. नुसतं टेकलं तरी खाली जाणारं, आपोआप वर येणारं. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जोर लावायचा नसेल तर खुशाल हलवू द्या पाय.

बारावं लाटणं उतरलं. आईनं त्यावरून अंगठा फिरवला, ते स्वयंपाकघरात नेलं आणि जुनं लाटणं बाहेर आणून ठेवलं. बाबांनी चहा मागितला.

पंधराव्या दिवशी दुकानाची गाडी आलीच. आता नको म्हणून फोन करायचं मी विसरले होते. ड्रायव्हर कागद घेऊन आत आला. बाबा कामात होते, त्यांनी मान वर केली नाही. ड्रायव्हर उभा राहून बघत होता. मग खाली वाकला, पायडलच्या मागे दोरी शोधली, पट्टा शोधला.

"काका, हे कशाशी जोडलंय?"

"माझ्याशी," बाबा म्हणाले.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा कागद घडी घालून त्याच्या हातात परत दिला.