पातेल्याचं दार

कपाटात पुणे दर्शनाची तीन जुनी पत्रकं सापडली आणि बहिणीचे सासू-सासरे लातूरहून पहिल्यांदा मावळात आमच्या घरी आले होते, तो दिवस आठवला. कुठली टूर निवडावी यावर माझा घोळ चालला होता, तेवढ्यात वडील म्हणाले, "बस कशाला? मी दावतो की पुनं." त्यांनी वीस वर्षं पुण्यात दुधाचा रतीब घातला होता, पण शनिवारवाडा आतून कधी पाहिला नव्हता. मी नाइलाजानं पत्रकं कपाटात ठेवली. ते पाहुण्यांना थेट पेठेत घेऊन गेले आणि एकेक दार दाखवू लागले, "हितं दोन लिटर, तितं अर्धा." एका दारातल्या बाई त्यांना बघताच म्हणाल्या, "भाऊ, पातेलं आणू?" आता वडील नाहीत. बहिणीच्या सासूबाई उद्या पुन्हा येताहेत. टूर कुठली घेऊ विचारलं, तर फोनवर म्हणाल्या, "ते पातेल्याचं दार दाखव."