राहेलकडे मिळेल

टेकडीवरच्या फिल्म शाळेत एखाद्याची पटकथा मंजूर झाली की त्याच्यापुढे दोन कामं असायची. एक, मास्तरांची सही घ्यायची. दुसरं, पायथ्याच्या वळणावर राहेलच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसायचं. सहीला पाच मिनिटं लागत. राहेलकडे अख्खी सकाळ जाई.

पटकथा ती हातात घेत नसे. "वाचून दाखव," म्हणे आणि कप्प्याच्या कंदांची सालं काढता काढता ऐकत राही. मध्येच सुरी थांबे.

"किती रात्री म्हणालास?"

"तीन, अम्मच्ची."

"तीन रात्री पोरांना जागवणार? दिवे भाड्याने आणणार? बापाची रबराची बाग आहे का तुझ्या? खिडक्यांना काळं प्लास्टिक लाव, पावसाळ्यात रबराच्या झाडांना बांधतात ते. भर दुपारी रात्र करून देते तुला. आणि ते चर्चमागचं घर सोड. मंगळवार सोडून रोज तिथं सॉ मिल कोकलते. तुझी नटी रडेल आणि लोकांना करवत ऐकू येईल."

तिला अम्मच्ची, म्हणजे आजी, म्हणणारी पोरं मुकाट्याने वहीत खाडाखोड करत. लागणाऱ्या वस्तूंची यादी करताना कुठं अडलं की पुढे लिहून टाकत, 'राहेलकडे मिळेल'. दुभती गाय, पोलिसाची टोपी, फादरचा जुना झगा, प्रेतयात्रेला चाळीस माणसं, सगळ्यापुढे तेच. आणि खरंच मिळायचं. शवपेट्या करणारा कुरियाच्चन पेटी उसनी द्यायला तयार नसे. "एकदा कुणी आत झोपलं की ती घेणार कोण? मेलेला माणूससुद्धा वापरलेली नको म्हणेल." राहेलने त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या लेकीच्या लग्नात दोनशे पानं कुणी वाढली रे?" संध्याकाळच्या आत पेटी जीपमधून टेकडीवर गेली.

या सगळ्याच्या बदल्यात तिला पडद्यावर यायला मिळे. कधी आई, कधी आजी, कधी नुसतं दार उघडणारी म्हातारी. नऊ वर्षांत अकरा छोटे सिनेमे झाले, आणि एकाही सिनेमात तिला चारच्या वर वाक्यं नव्हती. तरी शूटिंगच्या आदल्या दिवशी ती केस धुवायची, आणि घशासाठी तर रोज सकाळी मिरं घालून कोरा चहा प्यायची. ही सवय जुनी होती.

सतराव्या वर्षी राहेल नाटक मंडळीत गेली होती. देवळांच्या जत्रा, चर्चचे सण, एका व्हॅनमध्ये बारा माणसं आणि टपावर पडदे. हार्मोनियमवाल्या पाप्पच्चनशी तिने लग्न केलं. गावात बदनाम झाली ती झालीच. अप्पन, तिचा बाप, पुन्हा तिच्याशी बोलला नाही. मंडळी बंद पडली, पाप्पच्चन गेला, तेव्हा ती या वळणावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. माहेर इथून अर्ध्या कोसावर, नदीच्या अंगाला. तिथं तिचा थोरला भाऊ, अच्चाया मात्तुकुट्टी, राहायचा. रविवारी चर्चमध्ये दोघं एकाच छपराखाली बसत, पण भाऊ समोरून आला की छत्री आडवी धरून निघून जाई.

निवेद हा कण्णूरकडचा पोरगा, कमी बोलणारा. तो यादी घेऊन आला नाही. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "अम्मच्ची, तुमचं सांगा ना. नाटकातलं."

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. राहेल तीन दुपारी बोलत राहिली. तिसऱ्या दुपारी तिने अप्पनच्या मरणाचं सांगितलं. मंडळीचा मुक्काम लांब होता. तार आली तेव्हा तोंडाला रंग लावून झाला होता आणि समोर दोन हजार माणसं बसलेली. मेलेल्या मुलाच्या उशाशी आई आक्रोश करते तो प्रवेश तिचा होता. तिने तो केला. लोक हुंदके देत होते. मग तशीच बस धरून ती घरी आली, तर माती देऊन झाली होती आणि मात्तुकुट्टी फाटकाला आतून कडी घालून उभा होता. "तोंड धुऊन तरी यायचंस," एवढंच तो म्हणाला. कानामागे रंग राहून गेला होता.

निवेदचे डोळे भरले. महिन्याभराने तो पटकथा घेऊन आला, तर त्यात हेच होतं. म्हातारी नटी, बापाचं फाटक, आणि फाटकाबाहेर तिने एकटीने पुन्हा केलेला तो प्रवेश.

"हे काम तुमचंच, अम्मच्ची. दुसऱ्या कुणाला जमणारच नाही."

राहेलने सुरी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पटकथा स्वतःच्या हातात घेऊन वाचली.

शाळेकडून कॅमेरा आणि चार दिवसांचं जेवण एवढंच मिळणार होतं. बाकीचं राहेलने अंगावर घेतलं. आजवर गावात पेरून ठेवलेला एकेक उपकार तिने उगवून घेतला. शेजारणीच्या, चिन्नम्माच्या घरात सामान ठेवायचं ठरलं. बायकांच्या बचत गटाने फुकट स्वयंपाक कबूल केला. रेशन दुकानदार दिव्यांसाठी त्याच्या मीटरमधून तार ओढू देणार होता. पाप्पच्चनची पेटी तिने पलंगाखालून काढून तिच्या भात्याला नवं कातडं लावलं. जो भेटेल त्याला सांगे, "या वेळी नुसतं दार उघडायचं नाहीये. या वेळी सिनेमाच माझा आहे."

उरलं ते फाटक. निवेद म्हणाला, दुसरं कुठलंही चालेल. राहेल म्हणाली, चालणार नाही.

बत्तीस वर्षांनी ती त्या फाटकाशी गेली. मात्तुकुट्टी ओसरीत जायफळं वाळत घालत होता. तो उठला नाही.

"काय?"

"फिल्म शाळेतली पोरं सिनेमा करतायत. एक दिवस फाटक पाहिजे. बाहेरूनच. आत कुणी पाऊल टाकणार नाही."

"आणि त्यात तुझं काय?"

"मी आहे त्यात. मुख्य काम माझं आहे."

म्हाताऱ्याने एक जायफळ उचलून कानाशी हलवून पाहिलं. "या वयात?"

"या वयात."

ते त्याने परत बाकीच्यांत टाकलं. मग म्हणाला, "मंगळवारी या. मंगळवारी मी घरी असतो." म्हणजे बघणार होता. एवढी वर्षं गावोगावच्या लोकांनी पाहिलं, घरच्या एका माणसाने कधी पाहिलं नव्हतं. राहेल परत येताना वाटेत दोनदा थांबली.

शूटिंगला तीन दिवस राहिले असताना निवेद आला. खुर्चीवर बसला नाही.

"अम्मच्ची, मास्तरांनी पटकथा एका मॅडमना पाठवली होती. सिनेमातल्या मोठ्या. त्यांना आवडली. फुकट काम करते म्हणाल्या."

"कुठलं काम?"

तो टेबलाच्या लाकडावर नख ओढत राहिला.

"मास्तर म्हणतात, नाव असलं की महोत्सवात बघतात. नाहीतर पाठवलेली डीव्हीडी कुणी उघडूनसुद्धा पाहत नाही. माझा हा एकच सिनेमा आहे, अम्मच्ची. वर्षभर बाबांनी..."

"माझे किती आहेत?" राहेलने विचारलं.

निवेद चाचरत म्हणाला, "बाकीची व्यवस्था तुम्ही बघाल ना? तुमच्याशिवाय काहीच होणार नाही. आणि मॅडमना जरा दाखवाल? तुम्ही पदर कसा धरता, चालता कशा..."

त्याच क्षणी त्याला हाकलून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण गावाला शब्द पोराने नव्हता दिला, तिने दिला होता; बचत गटाला, रेशनवाल्याला, कुरियाच्चनला, आणि मात्तुकुट्टीला. आता नाही म्हटलं असतं तर गावाने पोराला नाही, तिलाच बोल लावला असता. "नाटकवालीच ती!" असं म्हणाले असते.

"मंगळवारी सकाळी सातला जीप पाठव," ती म्हणाली. "उशीर केलास तर ऊन फाटकाच्या मागे जाईल."

मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या. राहेलला त्यांनी 'चेची', म्हणजे ताई, म्हटलं, तिचं चालणं दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा हुबेहूब चालून दाखवलं. राहेलचीच जुनी साडी त्यांच्या अंगावर होती. राहेल शेजारी छत्री धरून उभी राहिली, त्यांच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून.

मात्तुकुट्टी इस्त्रीचं मुंडू नेसून ओसरीत उभा होता. त्याने मॅडमकडे पाहिलं, मग राहेलकडे.

"तू आहेस म्हणाली होतीस."

"बदललं ते."

त्याच्या तोंडावर हसू आलं नाही, रागही आला नाही. आपला अंदाज बरोबर निघाल्यासारखी त्याने मान हलवली, आणि मग पुढे होऊन फाटकाची कडी काढली. "मॅडम, उन्हात कशाला उभ्या? आत या. खुर्ची आण रे. चहा ठेवा." मॅडम आत गेल्या. मागोमाग मास्तर गेले, निवेद गेला. राहेल जागची हलली नाही. आत कुणी पाऊल टाकणार नाही असं तिनेच सांगितलं होतं, आणि तिला कुणी या म्हटलं नव्हतं. चहा द्यायला आत गेलेल्या चिन्नम्माने बशी आणून दिली, त्यात केळ्याचे काप होते. राहेलने ते जीपवाल्याला दिले.

दुपारी आक्रोशाचा प्रवेश आला आणि तिथं घोडं अडलं. मॅडमना कॅमेऱ्यापुढचं हळू रडणं सुंदर जमायचं. पण दोन हजार माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो जुना नाटकी टाहो काही केल्या येईना. सातव्या वेळी त्यांचा घसा बसला. आवाज बघणारी फरहाना हळूच निवेदला काहीतरी म्हणाली. मग दोघं राहेलपाशी आले.

"अम्मच्ची, नुसता आवाज," फरहाना म्हणाली. तिची मान वर होत नव्हती. "ओठ त्या हलवतील."

राहेलने छत्री मिटून जीपला टेकवली. पाप्पच्चनची पेटी जवळ आणायला सांगितली, एक सूर धरला आणि सुरुवात केली. नदीवर कपडे धुणाऱ्या बायका वर बघू लागल्या. बचत गटाच्या बायकांनी पळ्या खाली ठेवल्या. तिचं संपलं तरी निवेद थांबा म्हणायचं विसरला. मात्तुकुट्टी तेवढ्यात मास्तरांना परसातली जायफळाची झाडं दाखवायला मागे गेला होता, आवाज कुणाच्या तोंडून निघाला ते त्याला दिसलं नाही.

सिनेमा एकवीस मिनिटांचा झाला. त्याला दोन बक्षिसं मिळाली, त्यातलं एक मॅडमच्या अभिनयाला. मग चर्चच्या हॉलमध्ये गावासाठी खेळ ठेवला. आपापली गाय, आपापलं अंगण पडद्यावर दिसलं की लोक टाळ्या वाजवत. टाहो सुरू झाला तेव्हा मात्र कुणी हललं नाही. राहेल मागच्या रांगेत बसून ऐकत होती. शेवटी नावं आली. बरीच खाली, बचत गटाच्या वर लिहिलं होतं: 'जेवण व इतर मदत – राहेल'.

दिवे लागल्यावर मात्तुकुट्टी तिच्यापाशी आला. छत्री बगलेत होती. त्याचे डोळे लाल झाले होते.

"काय रडली ती बाई! तुला असं करता येत असतं ना, तर अप्पनसुद्धा एकदा बघायला आला असता."

राहेलच्या तोंडून निघून गेलं, "तो आवाज माझा आहे, अच्चाया."

"झालं, सुरू झाली नाटकं," म्हातारा म्हणाला. आजूबाजूचे चार लोक हसले. त्याने निवेदला हाक मारली. निवेदच्या खांद्यावर शाल होती, शेजारी मॅडम उभ्या होत्या. "काय रे पोरा, रडलेला आवाज हिचा म्हणे?"

निवेदने मॅडमकडे पाहिलं. मॅडम चप्पलचा पट्टा लावायला वाकल्या. मास्तरांनी घड्याळ पाहिलं.

"अम्मच्चींनी आम्हाला फार मदत केली," निवेद म्हणाला. "फारच."

फरहाना हॉलमध्ये नव्हती. ती कोचीला नोकरीला लागली होती. बचत गटाच्या बायकांनी त्या मंगळवारी सगळं कानांनी ऐकलं होतं, पण मॅडमसोबत फोटो काढायला त्यांची रांग लागली होती.

जूनमध्ये नवी पोरं आली. त्यांना राहेलने टेबलाशी बसवलं, पटकथा ऐकली, आणि म्हणाली, "आधी लिहून द्या. काम कोणतं, वाक्यं किती, नाव कुठं येणार. खाली सही." पोरं एकमेकांकडे बघून हसली. मग ती मस्करी करत नाहीये हे कळलं तसं त्यांचं हसू थांबलं. "मास्तरांना विचारून येतो, अम्मच्ची," म्हणून ती उठली ती परत आली नाहीत. आठवड्याभरात जीप चिन्नम्माच्या दाराशी लागायला लागली. चिन्नम्माने कधी स्टेज पाहिलं नव्हतं, पण तिची कसलीच अट नव्हती. गाय तिची होती, कुरियाच्चन तिचा चुलतभाऊ. यादी पुरी होत होती.

राहेलच्या टेबलावर आता फक्त तिचं एकटीचं ताट असे. सकाळच्या कोऱ्या चहात मिरं घालायचं तिने बंद केलं.

एका सकाळी चिन्नम्मा कुंपणापाशी आली. अंगावर मेकअपची पावडर, कपाळावर घाम.

"राहेले, ते म्हणतात मुलगा मेलाय असं समजून रड. मला मेलं हसूच येतंय. तू कसं करायचीस गं?"

राहेलने तिच्याकडे पाहिलं. चिन्नम्माच्या मनात काही वाईट नव्हतं, ती खरंच विचारत होती.

"कांदा घे," राहेल म्हणाली, आणि आत जाऊन कप्प्याची सालं काढायला बसली.