एकच साखळी

सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी ट्रेलर थांबला. त्यावर पोलादी पत्र्याची भलीमोठी कॉइल होती आणि तिला एकच साखळी.

"दादा, दुसरी साखळी नाही बांधली?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"जवळच तर जायचंय, ताई."

यार्डाच्या मुकादमानं माझ्या नवऱ्यालाही हेच सांगून पिटाळलं होतं. वाटेत त्यानं ब्रेक दाबला. ट्रेलर थांबला, कॉइल थांबली नाही. ती केबिनवर आली.

गाडी चालू असते तोवर असं ओझं किती निमूट बसतं. माझा रागही तसाच बसलाय. मुकादम बाजारात दिसला की "बरं आहे ना, वहिनी?" म्हणतो आणि मी हसते. माझ्या रागाला त्या हसण्याची एवढी एकच साखळी.

सिग्नल सुटला. मुकादमाचं घर पुढच्याच चौकात आहे. जवळच तर जायचंय.