फसली साल

सोमवार, शाळा सुटल्यावर. शोकसभेला हजर: हेडमास्तर, आम्ही सहा शिक्षक, शिपाई आणि न बोलावता आलेलं अर्धं सोयगाव. यादी मीच केली; गावकऱ्यांसाठी कागद पुरला नाही.

ज्यांच्यासाठी ही सभा, ते मास्तर इतिहास शिकवत आणि एकादशीला मारुतीच्या पारावर कीर्तन करत. मी गणित शिकवतो. अठरा वर्षांत फळ्यावर माझी एक बेरीज चुकली नाही, पण मला ऐकायला कधी कोणी पारावर बसलं नाही.

पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाचं राज्य जाऊन सरकारी कागदांवर इसवी सन आला, तरी निजामाच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्या तोंडात इसवीच्या पाचशे नव्वद वर्षं मागं चालणारं जुनं फसली सालच बसलेलं. एका कीर्तनात त्यांनी इसवी म्हणून फसली आकडा सांगितला आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक जवळजवळ सहाशे वर्षं मागं गेला. मी लगेच चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि हात जोडले.

"मंडळी, चुकलो. गणिताचे गुरुजी म्हणतात तेच बरोबर."

पुढं बसलेला म्हातारा मेंढपाळ ओरडला, "ऱ्हाऊ द्या मास्तर! आमाला तुमचंच साल कळतंय. तुमी फुडं सांगा!"

सगळा पार हसला. माझी बायकोही हसली. बरोबर मी होतो आणि टाळ्या त्यांना मिळाल्या.

दुखवट्याचा ठराव हेडमास्तरांनी मला लिहायला दिला, अक्षर चांगलं म्हणून. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं लिहून झाली. पारावर त्या दिवशी चिठ्ठी वाचून ते माझ्यावर चिडले असते, तर 'त्यांचे गुण' हा परिच्छेदही मी दोन ओळींत उरकला असता. तेवढा लिहायचा राहिला आहे.