जेवणानंतर तासभर

दादा, तुझ्या घशाची कथा सगळ्यांना सांगून झाली, तू तेवढा राहिलास. तेव्हा आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. एक होता पाट्या रंगवणारा पेंटर, आणि एक त्याची धाकटी बहीण, पोरांना गणित शिकवून रिटायर झालेली.

पेंटर शहात्तर वर्षांचा. दोन वर्षं त्याचा घास छातीत अडायचा. अन्ननलिका मूठ वळावी तशी मध्येच आवळायची, पाण्याचा घोटसुद्धा उलटून यायचा. खुंटीवर टांगल्यासारखा सदरा अंगावर लोंबायला लागला, तेव्हा बहिणीने त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी जेवणाआधी जिभेखाली धरायची गोळी लिहून दिली. नळी सैल पडेल, पण रक्तदाबही उतरेल. या वयात चक्कर येते, म्हणून जेवणानंतर तासभर बसून राहायचं. मग त्यांनी विचारलं, काम काय करता?

"रिटायर आहे," पेंटर म्हणाला.

शेजारी बसलेल्या बहिणीने चकार शब्द काढला नाही. शिडी काढून घेतली तर हा माणूस उरेल किती, हे तिला ठाऊक होतं.

गोळी लागू पडली. तो ताटभर जेवू लागला, गाल भरले. एका दुपारी बहिणीला तो चपलांच्या दुकानावरची पाटी रंगवताना दिसला. पन्नास वर्षांत ज्याची ओळ केसभर हलली नव्हती, त्याचं शेवटचं अक्षर खाली घसरलं होतं, आणि तो डोळे मिटून शिडीला मिठी मारून उभा होता.

तो खाली आल्यावर तिने त्याची बिनपाण्यानेच केली. तो ब्रश पुसत राहिला.

"गोळी नाही घेतली तर घास उतरत नाही, घेतली तर मला उतरावं लागतं. तू शिकलेली ना, मग सांग काय करू?"

ती म्हणाली, बाईंना खरं सांगू. त्या डोस कमी करतील, वेळ बदलतील, नाहीतर दुसरं काही देतील. पण आपलं खोटं आपणच उघडं पाडायची त्याला लाज. "तूच बोल. मी नुसता शेजारी बसतो." गुरुवार ठरला.

गुरुवारी बहिणीचा गुडघा दुखत होता. खरं तर इतकाही नाही. सोमवारी जाऊ, असा तिने निरोप धाडला.

शनिवारी दुपारी तो शिडीवरून पडला आणि उठला नाही. डबा मात्र शीतही न ठेवता संपवलेला होता.

डॉक्टरीणबाईंच्या कागदावर पेंटर अजून रिटायरच आहे. सोमवारी आपण ते खोडायला जाणार होतो, दादा.