बेगडाचा नारळ

चंदर चहा बशीत ओतायचा आणि तो निवेपर्यंत बशीला हात लावायचा नाही. जाळं विणताना जिभेचं टोक दातांत धरायचा. विडी दोन झुरक्यांत विझवून कानामागे खोचायचा, आणि मग तीच घरभर शोधायचा. होडीत चढण्याआधी तिच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हात लावून तो कपाळाला लावायचा. थळचा किनारा सुटला की खांदेरी बेटावरच्या वेताळाकडे बघून हात उचलायचा.

शेवटच्या दोन सवयी त्याने एका हंगामात सोडल्या. बाकीच्या तशाच राहिल्या.

तो होडीचा तांडेल. सुकाणू त्याच्या हाती आणि शब्दही त्याचा. माझे वडील थळच्या शाळेत मास्तर होते. मला पोहायला चंदरने शिकवलं. मी मुंबईहून बी. ए. होऊन आलो, तेव्हा त्याच्यात काहीतरी बदललं होतं.

आदल्या वर्षी, १९३३ साली, वाऱ्याने त्याची होडी आगरदांड्याच्या खाडीत ढकलली होती. तिथे धक्क्याजवळ दिनानाथ नावाचे एक पेन्शनर तारमास्तर राहत. वारा पडेपर्यंत चंदर त्यांच्या ओटीवर बसला. त्यांनी त्याला डोळे मिटून आपला श्वास बघायला सांगितलं. मंत्र नाही, गंडा नाही, तसबीर नाही.

तेव्हापासून तो रोज पहाटे ओट्यावर तसा बसू लागला. कोणी म्हणालं, पाद्र्याने बाटवलं. चौकीवरचा शिपाई येऊन खादी आहे का बघून गेला. चंदरचा धाकटा भाऊ सदा म्हणायचा, "आमचा भाऊ आता बगला झालाय. मासा कवा धरतो ते बघायचं."

मी चंदरला विचारलं, "दक्षिणा घेतो का तुझा गुरू?"

"न्हाय. मला गुरू बोलू नको म्हनतो."

"मग त्याला हवंय काय?"

"मी पन इचारलं. नुसता हसला."

ते हसणं मला आवडलं नाही. मागणाऱ्याचा भाव तरी कळतो.

मी मुद्दाम आगरदांड्याला गेलो. झडतीला आल्यासारखं घर बघितलं. एक चटई, एक कंदील, लोणच्याची बरणी.

"काय सापडलं?" दिनानाथांनी विचारलं.

"काही नाही."

"मलाही."

हे उत्तर त्यांनी आधी कुणाला तरी दिलेलं असणार. मी निघालो तेव्हा मात्र ते म्हणाले, "चंदरला सांगा, होडीवर बसत जाऊ नको. घरी बस."

मी निरोप सांगितला. चंदर म्हणाला, "घरात काय, होडीत काय. श्वास तोच."

खांबांना बांधलेलं जाळं ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून असतं. भरती लागून पाणी फिरायच्या आत ते उचलावं लागतं, नाहीतर आलेला मासा उलट्या पाण्याबरोबर निघून जातो. कधी उचलायचं ते तांडेल सांगतो. त्याच्या शब्दाशिवाय कोणी दोराला हात लावत नाही. त्या फाल्गुनात होडी जाळ्यावर उभी होती, माणसं दोर धरून होती, आणि चंदर सुकाणूपाशी गप्प होता. पाणी फिरलं. जाळं रिकामं आलं.

"झोपला व्हतास?" सदाने विचारलं.

"न्हाय. फिरताना बघितलं. इतकं नीट कवा बघितलं नव्हतं. बघता बघता सांगायचं ऱ्हायलं."

कोळ्यांच्या जमातीने त्याला बोलावलं. नारळी पौर्णिमेला चंदरने आपल्या हाताने नारळ द्यावा, तरच त्याच्या होडीवर माणसं चढतील, असं ठरलं. माणसं नाहीत तर होडी वाळूत. घरात लहान पोरं.

चंदरची बायको, नीरावहिनी, त्याला म्हणाली, "नारल द्यायला पोटात दुखतंय काय तुझ्या?"

"हात जोडीन आन् आत काय नसंल, तं समिंदराला फसवलंच ना."

"समिंदर काय पाटील हाय, उलटतपासनी घ्यायला?"

तो हसला. मग कबूल झाला.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी तिथेच होतो. तांडेलाच्या नारळाला सोनेरी बेगड तांडेलच लावतो. चंदर खळीची वाटी घेऊन बसला. जिभेचं टोक दातांत. शेंडीपासून निम्म्यापर्यंत त्याने बेगड अगदी सफाईने बसवला. मग हात थांबले. विडी शोधतोय, असं मला वाटलं.

त्याने हात धुतले आणि सदाला हाक मारली. "उद्यापास्नं तू तांडेल. नारल तू दे. तुला ता खरं वाटतं. मानसं तुझ्या होडीवर चढतील." वहिनीसमोर तो थोडा वेळ उभा राहिला. खांद्यावर पंचा टाकून तो अलिबागच्या रस्त्याला लागला. कानामागे विडी होती.

सदाने दुसरा नारळ दिला. माणसं चढली. माणसं चढली.

आठवड्याने सदा आगरदांड्याला जाऊन आला. दिनानाथ म्हणाले, चंदर आला, बसला, तरीने खाडी ओलांडून दिघीला उतरला, पुढचं ठाऊक नाही. सदाला ते खोटं वाटतं. मलाही वाटत होतं. म्हणून मी तरीवाल्याला विचारलं. त्याला एक कोळी आठवत होता. पलीकडे पोचेपर्यंत नुसता पाण्याकडे बघत होता, म्हणाला. त्या तारमास्तराने चंदरला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तो नारळ फडताळात आहे. वर सोनं, खाली उघडी करवंटी. मागे सदाने तो पुरा करायला घेतला होता. वहिनीने त्याच्या हातातून काढून घेतला.

"ठेव तिथं. त्याचं काम हाय ता."

खळ वाटीतच वाळली आहे.