सरासरी घसरली तेव्हा

अम्मानच्या मध्यवर्ती बँकेत, आमच्या सांख्यिकी विभागात, इब्तिहाल देशातल्या सगळ्या बँकांचे कर्जाचे आणि ठेवींचे व्याजदर गोळा करून दरमहा सरासरी काढायची. सगळे तिला थोरल्या मुलाच्या नावाने उम्म झैद, म्हणजे झैदची आई, म्हणत. मग रवान आली आणि कर्जांचं काम तिच्याकडे गेलं. उम्म झैदला बँकवाले "उद्या पाठवतो" म्हणून टोलवत. रवानला मात्र हसत हसत आकडे देत. साहेबही आता रवानच्या टेबलाशी उभे राहून चहा पीत. उम्म झैदचा नुसता जळफळाट होई.

एका महिन्यात रवानच्या तक्त्यात कर्जाचा सरासरी दर एकदम घसरला. उम्म झैदला कारण चटकन दिसलं. एका मोठ्या बँकेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दिलेली स्वस्त कर्जंही त्यात धरली होती. ती वगळायची असतात. दुपारी आकडे जाहीर होणार होते. गप्प बसलं तर रवानची शोभा झाली असती. पण इतकी वर्षं जपलेल्या सरासरीचीही झाली असती.

"महाराणी, इकडे बघा," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या गोड आवाजाने देशातली कर्जं स्वस्त झाली की काय?"

रवानने तक्ता पाहून जीभ चावली आणि त्या बँकेत फोन लावला. "अबू सामी, तुमच्या घरची कर्जं यात कशाला घुसवलीत हो?" पलीकडून हसू ऐकू आलं, पाठोपाठ सुधारलेले आकडे आले.

आकडे वेळेत दुरुस्त झाले म्हणून साहेब रवानला शाबासकी द्यायला आले, तर ती म्हणाली, "चूक उम्म झैदनी पकडली, साहेब."

उम्म झैद माझ्या कानाशी पुटपुटली, "बघ, मोठेपणाही हिनेच दाखवायचा! धड रागवूसुद्धा देत नाही मेली."